केसभर जास्त

अहो, जायचंच होतं तर दगडूबाच्या चरकाच्या आसाचं तरी सांगून जायचं. काम पुरं झालं होतं की शेवटचा हात राहिला होता, एवढंच. तुम्ही आस आणि चाक रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवलंत, हात धुतले, जेवलात, आणि सकाळी मी अंघोळीचं पाणी काढून हाक मारली तर उठलाच नाहीत. लोक म्हणतात, पुण्यवान माणसाला असं मरण येतं. येत असेल. मागे राहिलेल्या माणसाने त्या पुण्याचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

घर भरून माणसं आली. तालुकदार कचेरीतला शिपाई आला, पेठेतले आले, पार नदीपलीकडूनही आले. "मिस्त्री देवमाणूस व्हता," म्हणाले. मी पदराआडून हुं हुं करत होते. तुम्ही देवमाणूस नव्हतात. हट्टी होतात, मुके होतात, आणि भाकरी गार होऊन वातड झाली तरी पानावर यायचा नाहीत. मला तुमची स्तुती ऐकायची नव्हती, मला तुमच्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाशी पुरं करता येत नाही.

तुमचा लेथ पडवीत तसाच उभा आहे. सिकंदराबादेकडे रेल्वेच्या कारखान्यात राबून तुम्ही परत आलात, तेव्हा कारखान्याने मोडीत काढलेला हा लेथ बैलगाडीत घालून आणला होतात. गल्लीने त्याला खराद म्हटलं, तुम्ही शेवटपर्यंत लेथच म्हणालात. त्याला ना वाफ ना इंजिन. एक जड चाक, आणि ते फिरवायला पायाखाली फळी. हत्यार धरणाऱ्यानेच फळी दाबली तर हात हलतो, हात हलला की लोखंडावर लाटा उठतात. म्हणून फळीला दुसरं माणूस हवं, आणि दुसरं माणूस म्हणजे मी.

आत्याबाई किती कावल्या होत्या! "सून आणली का बैल आणला रे?" तुमच्या आईला उलट बोलायची तुमची रीत नव्हती, पण त्या दिवशी बोललात. "बैलाला येवढी अक्कल कुठली, आई?" ते माझं कौतुक होतं की बैलाची निंदा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण मी पदर खोचून फळीवर पाय ठेवला तो ठेवलाच.

तुमचं आणि माझं खरं बोलणं त्या फळीवर झालं. तुमची पाठ माझ्याकडे, डोळे लोखंडावर, आणि तरी माझ्या मनात काय चाललंय ते तुम्हाला माझ्या पायावरून कळायचं. मी रागात असले की चाक जोरात जायचं. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "आगं, कावून येवढ्या जोरात? लोखंड हाय, वैरी न्हाई." मी माहेरच्या आठवणीत असले की चाक रेंगाळायचं, मग तुम्ही हत्यार मागे घ्यायचात आणि उगाच कानस पुसत बसायचात, माझा पाय ताळ्यावर येईपर्यंत. विचारलं कधीच नाहीत. एवढं कळत होतं तर एकदा तरी विचारायचं होतं.

अक्षरंही तिथेच शिकले. कोणता तुकडा कुणाचा हे विसरू नये म्हणून तुम्ही लोखंडावर खडूने नाव घालायचात. एकदा खडू माझ्या हातात दिलात. "तू घाल. माझे हात तेलाचे हायत." मी म्हटलं, मला कुठं येतं? तर जमिनीवरच्या धुळीत बोटाने अक्षर काढून दाखवलंत. मी पाटीवर शिकले नाही, कुणाच्या तरी मोटेच्या चाकावर शिकले. आता हे लिहिते आहे तेही तसंच, मोठाली आणि वाकडी अक्षरं. हसू नका.

आता आपलं भांडण.

मी गाडीची चाकं बांधणाऱ्या घरातली. माझ्या वडिलांच्या अंगणात लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की आदल्या दिवसापासून गडबड. धाव चाकाहून थोडी लहान करायची, भोवतीने गोवऱ्या रचून ती लाल करायची, सांडशांनी उचलून चाकावर टाकायची आणि घागरीवर घागरी ओतायच्या. वाफेत माणूस दिसत नसे. धाव आकसली की चाकाचे सगळे आरे करकरून एकमेकांना घट्ट धरायचे. ते चाक मग खडकातून न्या, नदीतून न्या, सुटायचं नाव नाही. मला तेच एक खरं वाटायचं, घट्ट बसवायचं असेल तर ऊब द्यायला हवी.

तुम्ही कारखान्यात उलटं शिकून आला होतात. आस भोकाहून जाड ठेवायचा, पण केसभराहून कमीच, तोंडाला तेल लावायचं, आणि थंडच्या थंड दाबून बसवायचा. त्यासाठी अंगणात दोन सागवानी खांबांमध्ये तुम्ही कापूस दाबायच्या जुन्या यंत्राचा स्क्रू बसवला होता. तुम्ही दांड्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि अडलं तर आत्याबाईसुद्धा शिव्या देत लोंबकळायच्या. आस कुरकुरत आत जायचा. तुम्ही कान लावून ऐकायचात. फार सहज गेला तर तुमचं तोंड उतरायचं, कारण सहज गेलेला सहज निघतो. मधेच ओरडला तर हात वर करून आम्हाला थांबवायचात, कारण जास्त दाबलं तर चाक फुटतं. लोखंड अर्धं आत गेल्यावर कुणाला शहाणपण सुचून उपयोग नसतो, हे तुमचंच वाक्य.

मी म्हणायचे, एवढा जीव काढण्यापेक्षा चाक शेकवा. फुगेल, आस आपोआप आत पडेल, निवलं की धरून बसेल. तुमचं उत्तर ठरलेलं. "तापवून बसवलं म्हंजी फसवून बसवलं. चुकी झाकली जाती. थंड बसतं ते खरं बसतं."

"मंग माज्या बापानं जलमभर लोकाला फसवलं का?"

"ती धाव हाय. नरम लोखंड. हे बिडाचं हाय, ओतलेलं. तडकतं."

"एका बाजूनं जाळ केला तर तडकंल. भोवतीनं, मंद करावा."

"हं," म्हणायचात आणि कानस उचलायचात. तुमच्या त्या "हं"ने मी जितकी जळले तितकी चुलीपुढे जळले नाही. त्याला ना हो म्हणता यायचं ना नाही.

कपिलधारला आपण जोडीने एकदाच गेलो. आठवतं? धबधब्याखाली माणसं हात जोडून उभी होती, बायका पदर भिजवून डोळ्याला लावत होत्या, आणि आपण एका दगडावर बसून भांडत होतो. मी म्हटलं, दगडसुद्धा उन्हाने तापतो आणि पाण्याने निवतो, त्याला काही होत नाही. तुम्ही म्हणालात, "ह्यो फुटलेला दिसत न्हाई का तुला?" आणि खरंच आपण बसलो होतो तो दगड मधोमध उकललेला होता. मला हसू आलं, पण मी हसले नाही. हसले असते तर तुम्ही जिंकला असतात. आज वाटतं, जिंकू द्यायला हवं होतं, निदान त्या देवाच्या दारात. पण वाटतं म्हणून काय, परत गेलो तरी मी तशीच भांडेन.

तुमचं माप म्हणजे माझ्या डोक्यावरचा केस. दोन पायांच्या कॅलिपरच्या एका जोडीने आसाची जाडी घ्यायची, दुसऱ्या जोडीने भोकाची, मग एकीचे पाय दुसरीच्या पायांत घालून मधल्या फटीत केस सरकवायचा. केस अडला तर आस थंड बसवण्याजोगा. केस सहज गेला तर आस अजून जाड, शेवटचा हात फिरवायचा राहिला. तुम्ही न विचारता मागून येऊन केस उपटायचात. मी चुलीपाशी असो की दळणापाशी, टचकन डोक्याला चटका. "आईचा केस जाड हाय," म्हणायचात, "गाडीच्या कामाला तिचा, चरकाच्या कामाला तुजा." आत्याबाई लाटणं घेऊन मागे लागायच्या. एवढा गंभीर माणूस, पण ह्या एका गोष्टीत पोरकट होता.

आणि दुसरी तुमची रीत रांजणाची. हत्याराखालून निघालेलं लोखंड तापलेलं असतं, त्यात आपलं हे बीडचं ऊन. तापलेल्याचं माप खोटं, म्हणून तुम्ही त्याच दिवशी मापून कधीच समाधान मानलं नाहीत. आस आणि चाक दोन्ही संध्याकाळी रांजणाखालच्या ओल्या वाळूत शेजारी शेजारी ठेवायचे आणि सकाळी उठून पहिलं काम ते मापायचं. "दोघं एका गारव्यात निजली पायजेत, मंग खरं कळतं." कुणाला घाई असली तरी त्याला सकाळपर्यंत बसवून ठेवायचात. त्या सकाळी तेच राहिलं. ते दोघं वाळूत होते, तुम्ही खाटेवर.

तेरावा झाला आणि लिंबागणेशहून दगडूबा आला. दारात बराच वेळ चपला काढत बसला. त्याच्या उसाच्या चरकाचा आस मोडला होता, नवा तुम्ही करत होतात, आणि चरकाच्या डोक्यावरचं बिडाचं दात्यांचं चाक त्या आसावर घट्ट बसवायचं होतं. त्याशिवाय बैल फिरले तरी ऊस पिळणाऱ्या लाटा फिरत नाहीत.

"वैनी, बोलू न्हाई आसं," तो म्हणाला, "पर ऊस हुबा हाय. तसंच द्या. जालन्याकडं कुनी करतंय का बगतो."

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसांत त्या बोलतच नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "देऊन टाक, बाई. आन् ते खरादबी जाऊ दे कुनाच्या तरी घरी. बगवत न्हाई."

मला दगडूबाचं वाईट वाटलं, पण खरं सांगू, मला त्याच्या उसाची काळजी नव्हती. मला वाटलं, हा आस आणि चाक असेच घराबाहेर गेले तर तुमचं शेवटचं काम कुणीतरी परका माणूस मापणार, आणि तुमच्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही. मी म्हटलं, "दगडूबा, चार दिवस थांबा. मी बगते."

"तुमी?" तो म्हणाला. मग आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूतून दोन्ही काढलं. पुसलं. कॅलिपर उघडण्याआधी चुलीपाशी जाऊन घोटभर पाणी प्यायले. मग केस. मी उभी राहिले, सवयीने मान जराशी वाकवली. मागून कुणी आलं नाही. माझा केस मी माझ्या हाताने पहिल्यांदा उपटला, आणि तेव्हा मात्र मला रडू आलं, तुम्हाला न्यायला आलेल्या लोकांसमोर आलं नव्हतं तेवढं.

केस फटीत घातला. अडला नाही. आरामात गेला आणि पलीकडून निघाला.

म्हणजे शेवटचा हात राहिला होता. तुम्ही सकाळी उठून तो फिरवणार होतात. मला हलकं वाटलं. निदान कळलं तरी काय करायचं ते. आस लेथवर चढवला. आत्याबाईंना म्हटलं, "जरा फळीवर पाय द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता ओरडतील. उठल्या, लुगडं सावरलं आणि फळीवर पाय ठेवला. त्यांनी एवढ्या वर्षांत त्या फळीला कधी पायसुद्धा लावला नव्हता. लेथचं चाक दोनदा मागे गेलं, मग पुढे जायला लागलं.

"रोज येवढं करायचीस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"बोलली न्हाईस कदी."

मी तुमच्या जागी उभी राहिले. हत्यार तुम्ही धार लावून ठेवलं होतंत. ते पुढे नेण्याआधी, तुम्ही करायचात तसं, मी आसाच्या टोकावरून बोट फिरवलं. आणि बोट थांबलं. कड नव्हती. आसाचं तोंड तुम्ही कानसीने उतरवून गुळगुळीत केलेलं होतं, चाकात शिरायला सोपं जावं म्हणून करतात तसं. ते तुम्ही सगळ्यात शेवटी करायचात. "तोंड मारलं की काम झालं," म्हणायचात. तोंड मारलेल्या आसाला तुम्ही पुन्हा हत्यार लावल्याचं मी कधी पाहिलं नाही.

"थांबा," मी ओरडले. आत्याबाईंनी पाय काढला. चाक आपल्या वजनाने बराच वेळ फिरत राहिलं.

काम पुरं झालेलं, आणि आस तर केसभर जास्त. तुमचं माप चुकणं शक्य नाही. एवढा जाड आस थंड दाबला तर चाक फुटणार, हे तुम्हाला न कळणंही शक्य नाही. मी तिथेच खाली बसले. आत्याबाई जवळ आल्या. मी त्यांना काय झालं ते सांगायला लागले, आस जाड आहे, असा आस तर तापवलेल्या चाकात बसतो, आणि ते तर तापवायचं नाही म्हणायचे.

"म्हून मागितल्या व्हय त्यानं गोवऱ्या?" त्या म्हणाल्या.

"कुनी?"

"त्यानं. आदल्या दिशी. म्हनला, आई, चांगल्या वाळलेल्या बारीक गोवऱ्या येगळ्या काडून ठिव. म्हनलं, कशाला? तर म्हनला, ती म्हनती तसं एकदा करून बगतो. तिला आत्ताच सांगू नको, डोक्यावर मिरे वाटंल."

अहो, आईला सांगितलंत! मला नाही, आईला! मला इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर मी ते कॅलिपर फेकून मारलं असतं. एवढी वर्षं त्या एका गोष्टीसाठी मी घसा कोरडा केला, आणि तुम्ही कबूल केलंत ते गोवऱ्यांपुरतं, चोरून, आईपाशी. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. आत्याबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं. त्यांच्या हाताला शेणाचा वास येत होता. त्यांनी गोवऱ्या खरंच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, न्हाणीच्या आडोशाला, पोत्याखाली.

मग मी मन घट्ट केलं. बघतो म्हणाला होतात ना, तर आता बघू.

सांडशीला दुसरा हात हवा म्हणून गल्लीच्या तोंडाच्या हुसेनचाचांना बोलावलं. चाचा जलमभर घोड्या-बैलांना नाल ठोकत आले, तापल्या लोखंडाला ते भीत नाहीत. आले, चाक बघितलं, दाढीवरून हात फिरवला. "बेटी, मिस्त्री थंड बसवायचा. ह्ये फुटलं तर?"

"फुटलं तर माझं नाव, चाचा. त्यांचं न्हाई."

"आसं कुटं आसतंय," चाचा म्हणाले. "गल्लीत नाव घराचं जातं." तरी बाह्या सारल्या.

ते खोटं बोलत नव्हते. चाक तडकलं असतं तर दगडूबाचा ऊस शेतात वाळला असता, आणि लोक म्हणाले असते, मिस्त्री गेला आणि बायकोने खेळ केला. पण मी भोवतीने गोवऱ्या रचल्या, वडील रचायचे तशा, एक उभी एक आडवी, कुठे दाट नाही कुठे विरळ नाही. जाळ होऊ दिला नाही, नुसता निखारा. आस अंगणात खड्डा करून उभा पुरला, ओळंब्याने सरळ केला. मधून मधून चाकाला गवताची काडी लावून बघत होते. वडील म्हणायचे, काडी जळू नये, पण तिला धूर सुटावा. किती वेळ गेला कळलं नाही. आत्याबाई पंख्याने वारा घालत होत्या, मी हात धरून थांबवलं, एका बाजूने वारा लागला तर एक बाजू जास्त तापेल. त्या म्हणाल्या, "तुमचं दोगांचं काय काय आसतं बया."

काडीतून धूर सुटला. मी आणि चाचांनी दोन बाजूंनी सांडशा लावल्या आणि चाक उचललं. आसाच्या तोंडावर आणलं. थोडं तिरकं होतं, अडकलं. अर्ध्या बोटावर अडकलं. तिथे ते निवलं असतं तर ना वर आलं असतं ना खाली गेलं असतं. "सरळ, चाचा, सरळ, तुमची बाजू वर," मी म्हणत होते, आणि माझा आवाज माझा वाटत नव्हता. चाचांनी मनगट वळवलं. चाक एकदम खाली गेलं आणि आसाला कापून ठेवलेल्या पायरीवर धप्पकन बसलं. दाबायची गरज नाही, ठोकायची गरज नाही. आपण दोघं ज्या दांड्याला लोंबकळायचो तो दांडा तिथेच खांबाला टेकलेला होता.

आणि पुढचं सांगू नये असं आहे, पण तुम्हाला सांगते. चाक बसल्याबरोबर मी घागर उचलली. अंगातच आहे ते, धाव बसली की पाणी. लहानपणापासून हेच पाहिलेलं. घागर कलली, पाणी काठाला आलं, आणि मला तुमचं बोलणं आठवलं, "बिडाला पानी दावलं की ते रडतं." तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा. मी घागर तशीच छातीशी धरली. निम्मं पाणी माझ्याच अंगावर आलं. तुम्ही नसतात तर, म्हणजे तुम्ही कधी माझ्याशी एवढं भांडला नसतात तर, तुमचं शेवटचं काम मी माझ्या हाताने फोडलं असतं. मी घागर खाली ठेवली आणि चाकाला गरम राखेत झाकून टाकलं, आपोआप निवू दिलं. तेव्हा तापवायचं माझं, निववायचं तुमचं. एवढंच होतं तर आपण एवढी वर्षं कशासाठी भांडलो, असं चाचांना वाटलं असेल. मला नाही वाटलं. न भांडता मला हे दोन्ही कळलं नसतं.

चाचा जाताना म्हणाले, जालन्याला एक जण लेथ घ्यायला तयार आहे, हवं तर निरोप धाडतो. मला ठाऊक आहे, लेथला दोन माणसं लागतात. मी हत्यार धरलं तर फळी रिकामी, फळीवर पाय दिला तर हत्यार. आत्याबाईंचे गुडघे किती दिवस साथ देणार? त्या मात्र आतून म्हणाल्या, "राहू द्या. जागा खातंय तर खाऊ द्या." बगवत न्हाई म्हणणाऱ्या त्याच. मला त्यांच्याशीही भांडता आलं असतं, पण मी भांडले नाही. हल्ली मी कुणाशीच भांडत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, शांत झाली बिचारी.

रात्रीचं जेवण आम्ही दोघी करतो, एकमेकींच्या पानात वाढतो, आणि उठतो. आत्याबाईंना तुमची आठवण येते, मला येते, पण दोघींना आठवणारा माणूस एक नाही. त्यांचा मुलगा होता. माझ्याकडे पाठ करून उभा असलेला, मान न वळवता माझा राग ओळखणारा माणूस, तो फक्त मलाच ठाऊक होता. त्याच्याबद्दल मी बोलायचं कुणाशी? म्हणून तुमच्याशीच बोलते. उत्तर येत नाही, ते तसं पूर्वीही फारसं यायचं नाही. पण "हं" यायचं. अहो, त्या "हं"ची मला इतकी सवय असेल हे मला माहीत नव्हतं. बोलणं संपवून मी अजून थोडी थांबते, तेवढी जागा सोडून, आणि मग पुढचं बोलते.

आज सकाळी दगडूबा गाडी घेऊन आला. आस राखेतून काढला, पुसला, त्याच्यावर खडूने त्याचं नाव घातलं. तो चाक हलवून बघत होता, दोन्ही हातांनी, पाय रोवून. हललं नाही. "आपलं मिस्त्रीच बसवून गेल्यावानी बसलंय, वैनी," म्हणाला. मी म्हटलं, त्यांनीच बसवलंय.

तो आस गाडीत चढवायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. तुमची परीक्षा राहिली होती. तुम्ही काम देण्याआधी चाकाला लहान हातोडीने एकदा ठोकायचात आणि कान द्यायचात. सैल असेल तर दोन आवाज येतात, चाकाचा वेगळा, आसाचा वेगळा. नीट बसलं असेल तर दोघांचा मिळून एक.

तुमची हातोडी घेतली. आत्याबाई दारात आल्या. दगडूबाने बैलांच्या गळ्यातल्या घंटा मुठीत धरल्या. मी ठोकलं.

एकच आवाज आला, लांब आणि स्वच्छ, पार पडवीपर्यंत गेला. मी हातोडी खाली केली आणि मागे वळून बघितलं, तुम्ही ऐकलंत का म्हणून.